जाळीतला आंबा

यंदाचा मानाचा पहिला आंबा बारकूच्या शेजाऱ्याच्या, वाळूच्या, झाडाचा ठरला. बारकूच्या मते असं काही घडलेलंच नाही. तेव्हा आपणही ते घडलं नाही असं धरून चालू आणि वैशाखात जाऊ, जेव्हा बारकूच्या पोटात नुसतंच दुखत होतं.

खिरपाडा पेठ तालुक्याच्या डोंगरात आहे. घरं पन्नास, आंबे मोजलेले नाहीत. पाड्याचा नियम असा, की पिकलेला पहिला आंबा झाडावरून आपणहून पडेपर्यंत कुणी आंबा तोडायचा किंवा पाडायचा नाही. तोडला तर गावाला बोकड द्यायचा. आंबा पडला की ज्याचं झाड त्याने तो आपल्या हाताने गावदेवापुढे ठेवायचा, आणि मगच सगळ्यांनी खायला सुरुवात करायची.

गेली एकोणीस वर्षं हा मान बारकूच्या शेंदऱ्याचा होता. शेंदऱ्या म्हणजे त्याच्या आजाने कोय पुरून वाढवलेलं रायवळ झाड. फळ लिंबापेक्षा थोडं मोठं, कोय जवळजवळ फळाएवढीच, आणि दोरे इतके की एक आंबा खाल्ला तर दुपार दात कोरण्यात जावी. पण पडायचा सगळ्यांच्या आधी. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस बारकूला पाड्यात कुणी विचारत नसे. उरलेल्या एका दिवशी अख्खा पाडा त्याच्या उजव्या हाताकडे बघत उभा राहायचा. त्या हाताने तो एरवी जड कामही करत नसे.

आणि यंदा बांधापलीकडे वाळूचं केशरचं कलम, वय वर्षं सात, खांद्याला पिवळं पडायला लागलं होतं. शेंदऱ्या अजून हिरवागार होता.

वाळू हलकट असता तर बारकूला बरं पडलं असतं. पण तो भेटला की “बारकूदादा, च्या घेऊन जा की,” म्हणायचा. असल्या माणसाचा राग करायला फार मेहनत पडते. बारकूने ती रोज घेतली. शेवटी पोट खरंच दुखायला लागलं, म्हणून त्याची बायको भागीबाई त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात घेऊन गेली.

“काय खाल्लं होतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“काय नाय. वाळूच्या झाडाकडं बघितलं.”

“कधीपासून दुखतंय?”

“सात वर्सं. पण आता फळं धरलीत.”

बाईंनी गोळ्या लिहून दिल्या, जेवणानंतर एक. बारकूने विचारलं, बघितल्यानंतर घेतली तर चालंल का? भागीबाईने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

“अवं, लाज हाय का? आंबा पडंल त्याचा पडंल. देवाला काय फरक पडतो?”

“देवाला नाय पडत,” बारकू म्हणाला. “म्हणून तर मला पडतो.”

येताना जीपमध्ये त्याला सुचलं. तोडायला बंदी आहे. पाडायला बंदी आहे. पण पडू न द्यायला? त्याबद्दल नियमात एक अक्षर नव्हतं. सगळ्या पिढ्यांत असा विचार करणारा माणूस खिरपाड्याला प्रथमच लाभला होता.

फाल्गुनात तो चांदवडकडे कांदा काढायला गेला होता, तिथून लाल जाळीच्या गोण्यांचा गठ्ठा आणला होता. दोन दिवस बसून त्याने त्या कापल्या आणि मुठीएवढ्या पिशव्या शिवल्या. भागीबाईला सांगितलं, लसूण ठेवायला. घरात लसणाचे तीन गड्डे होते आणि पिशव्या त्रेचाळीस. तिने काही विचारलं नाही. लग्नाला तीस वर्षं झाली होती.

शुक्रवारी वाळूचं सगळं घर मेव्हण्याच्या लग्नाला सुरगाण्याकडे गेलं. बारकूलाही आवतण होतं. त्याने पोट दाखवलं. दुपारी दोन वाजता तो बांध ओलांडून झाडावर चढला आणि संध्याकाळपर्यंत पिकायला आलेल्या एकेका आंब्याला पिशवी घालून तिचं तोंड देठाच्या वर, फांदीला करकचून बांधत राहिला. आता देठ सुटला तरी आंबा पिशवीत. लटकत बस म्हणावं पावसाळ्यापर्यंत. शेवटची गाठ मारत असतानाच वाळूची जीप आली. लग्नात जेवण लवकर आटोपलं होतं.

वाळू झाडाखाली येऊन उभा राहिला. सोबत त्याची मुलगी स्नेहा, नाशिकला कृषीच्या पदविकेला असलेली. बारकू वर, हातात सुतळी, तोंडात सुतळी.

“दादा,” वाळू म्हणाला, “ही पिशव्या घालायची गोष्ट स्नेहा मला दोन वर्सं सांगतीय. मी आळस केला. आन् तुम्ही पोट दुखत असताना...”

“पप्पा, आता पोपट नाही, खार नाही, वटवाघूळ नाही!” स्नेहाने मोबाइल काढला. “काका, इकडं बघा. सुतळी काढा तोंडातली.”

त्याने काढली नाही. फोटो तसाच निघाला आणि रात्रीच्या जेवणाआधी पाड्याच्या ग्रुपवर गेला. खाली लिहिलं होतं, ‘शेजारी असावा तर असा.’ एकूण अठ्ठावीस जणांनी हात जोडले. त्यात भागीबाईही होती.

रविवारी वारं सुटलं. असलं, की दोन घरांचे पत्रे तिसऱ्या घरावर गेले. वारं थांबल्यावर बारकू धावत शेंदऱ्याखाली गेला. झाडावर एकही फळ नव्हतं. खाली हिरव्या कैऱ्यांचा सडा. त्याने सगळ्या मोजल्या, एकशे चौदा. पडल्या होत्या सगळ्यांच्या आधी, आपणहून, नियमाला धरून. फक्त पिकलेल्या नव्हत्या. बांधापलीकडे त्रेचाळीस लाल पिशव्या शांत झुलत होत्या.

मंगळवारी त्यातला एक सुटला. देठ वर राहिला, आंबा पिशवीच्या तळाशी बसला, पिवळाजर्द. वाळूने पाड्यातल्या म्हाताऱ्या पुंजाबाबांना बोलावलं. मानाचं काय ते पुंजाबाबा ठरवायचे. डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून वास घेऊन ठरवायचे. पाडा जमला.

“पडला कुठं?” बारकू पुढे झाला. “लटकलाय. भुईला टेकल्याबिगर पडला म्हंत्यात का?”

“पिशवी नसती तर कुठं गेला असता?” पुंजाबाबांनी विचारलं.

“ते सांगता येत नाय.”

“वर गेला असता का?”

लोक हसले. बारकूने मान हलवली. वर गेला नसता, हे त्याला मान्य करावं लागलं.

“मग पिशवी सोडून खाली पाडू,” कुणीतरी म्हणालं.

“पाडला तर बोकड लागंल!” बारकू ओरडला. “हातानं पाडलेला चालत नाय!”

पुंजाबाबांनी पिशवीला नाक लावलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं. एकोणीस वर्षांत त्यांनी शेंदऱ्याचा वास इतका वेळ कधी घेतला नव्हता. बारकूने ते पाहिलं आणि त्याच्या आत काहीतरी तुटलं.

“ऐका,” तो म्हणाला. “मी खरं सांगतो. मी ह्या पिशव्या वाळूसाठी नाय बांधल्या. ह्याचा आंबा पडू नये म्हणून बांधल्या. माझ्या पोटात दुखत हुतं.”

 मग वाळूने त्याला मिठी मारली.

“तेच तर, दादा! पडू नये म्हणूनच! पोट दुखत असताना!”

टाळ्या झाल्या. बारकूने आणखी दोनदा खरं सांगितलं. दुसऱ्यांदा बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. भागीबाई मात्र त्याच्याकडे न बघता पदराची गाठ सोडत-बांधत राहिली. तिला सगळं कळलं होतं.

पुंजाबाबांनी निवाडा दिला. आंबा पडला असं धरावं. देवापुढे ठेवायचा मान वाळूचा. आणि असल्या शेजाऱ्याला रिकामं ठेवू नये, म्हणून दरवर्षी वाळूच्या झाडाला पिशव्या बांधायचा मान बारकूचा, त्याच्यामागं त्याच्या पोराचा, त्याच्यामागं नातवाचा.

बुधवारी सकाळी पाड्याने वाळूच्या उजव्या हाताकडे बघितलं. बारकू दुसऱ्या रांगेत उभा होता आणि वाळूने आंबा जरा वाकडा ठेवलेला त्याला दिसला. त्याने स्वतः एकोणीस वर्षांत कधी वाकडा ठेवला नव्हता. हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. मग वाळूने आंब्याची पहिली फोड त्याला भरवली. फोडीला दोरा नव्हता. बारकूने ती बराच वेळ चावली, कुठेतरी आंबट लागेल म्हणून. लागली नाही.

दुपारी तो वाळूच्या ओट्यावर जाऊन बसला आणि त्याने स्नेहाकडून अर्ज लिहून घेतला, कारण पाड्यात चांगलं अक्षर तिचंच होतं. तिने दोनदा विचारलं, “काका, नक्की असंच लिहू?” तो म्हणाला, असंच.

प्रति, मा. तालुका कृषी अधिकारी साहेब, यांसी सविनय अर्ज. विषय : कैऱ्यांबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, मौजे खिरपाडा येथील अर्जदाराच्या मालकीच्या रायवळ झाडावरून दिनांक रविवार रोजी आपणहून पडलेल्या एकूण एकशे चौदा (११४) हिरव्या कैऱ्या या पडतेवेळी पिकलेल्या होत्या असे पूर्वलक्षी प्रभावाने समजण्यात यावे, व तसा दाखला अर्जदारास पुढील आंब्याच्या आत मिळावा, ही नम्र विनंती.