मिठाचं पाणी

सलाईनच्या नळीतला थेंब आधी लांबट होई, क्षणभर लोंबकळे आणि मग सुटे. नर्स तकिय्याने नळीवरचं चाक किंचित सैल केलं. खाटेवरचा अयमन पलीकडच्या फौजेतला. गोळीने फाटलेलं त्याचं आतडं गुरुवारी शिवलं होतं. तोंडाने अजून घोटभर पाणीही द्यायचं नव्हतं.

"मावशी, किती दिवस पोसणार त्याला?" गालिब दारात उभा होता. गावच्या बंदूकवाल्यांचा हा म्होरक्या. त्याची नाळ तकिय्यानेच कापली होती.

"पोसते कुठे? उपाशी आहे बिचारा."

"मग द्या आमच्या ताब्यात. चौकशी करायचीय."

"मागचा चौकशीला नेलास, तो चादरीत गुंडाळून परत आला."

डॉक्टर मुतह्हर चष्मा पुसत राहिले. "गालिब, दवाखाना आहे हा. उद्या बघू."

"तीन दिवस तुमचं उद्याच चाललंय. जखमी शत्रूला हात लावायचा नाही, हा जगभरचा कायदा आमच्या डोंगरात चालत नाही, डॉक्टर."

खरंच होतं. येमेनच्या या डोंगरात चालायचं ते एकच: आपलं भाकर-मीठ ज्याने खाल्लं तो पाहुणा, आणि यजमानाने तसं एकदा चारचौघांत म्हटलं की पाहुण्याच्या केसाला धक्का लागला तर यजमानाचं सगळं कूळ बंदुका घेऊन उठायचं. तकिय्याचं कूळ म्हणजे दोन भाऊ आणि लग्नाला आलेला मुलगा. म्हणून गुरुवारपासून जिभेवर आलेले शब्द ती गिळत होती.

गालिबने खाट ओढली. अयमनने तकिय्याच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"हात काढ," ती गालिबला म्हणाली.

"का? तुमच्या घरचं काय खाल्लंय त्याने? तुम्हीच म्हणालात, उपाशी आहे."

तिने सलाईनच्या पिशवीवर टिचकी मारली. "यात काय असतं ठाऊक आहे? पाणी आणि मीठ. तीन दिवस माझ्या हाताने देतेय."

गालिब हसला. "हे दवाखान्याचं मीठ, मावशी. तुमच्या चुलीवरचं नव्हे."

"हात कुणाचा ते बघतात. न्यायाला बसणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारून ये."

गालिबच्या मागे उभा असलेला त्याचा चुलता मात्र हसला नाही. त्याने बंदूक खाली केली. "थांब रे. बाई एकदा बोलली तर आपण अडकलो."

"अजून बोलल्या नाहीत." गालिबचा आवाज खाली आला. "मावशी, भाऊ आठवा. मुलगा आठवा."

तिला ते आठवले. एकेकाचा चेहरा आठवला. मग तिने ओढणी सोडवून न घेता मान वर केली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"हा माझा पाहुणा आहे."