माग्डेबुर्गच्या मकानमालकिणीला पत्र

वाल्मिकजी विमा कंपनीतून निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात साहेब म्हणाले होते, इंदूर ऑफिसात इंग्रजी पत्र लिहावं तर वाल्मिकजींनीच. ही गोष्ट ते कुणाला मुद्दाम सांगायचे नाहीत. फक्त बोलण्याच्या ओघात ती आठवड्यातून दोनदा निघायची.

मुलगी संबोधी एम.एस. करायला जर्मनीत माग्डेबुर्गला गेली आणि इंदुरात महू नाक्यामागच्या त्यांच्या घरातली वरची खोली रिकामी झाली. त्यांची बायको आनंदी रोज वर जाऊन पंखा पुसून यायची. शेवटी विद्यापीठातल्या ओळखीच्या एका बाबूने किरायेदार सुचवली. नीमा नावाची मुलगी, टांझानियाची, शिष्यवृत्तीवर फार्मसी शिकायला आलेली. तिला चार घरांनी नाही म्हटलं होतं. कुणाकडे पाहुणे येणार होते, कुणाकडे भिंतींची पुताई, म्हणजे रंगकाम, निघालं होतं.

वाल्मिकजींनी हो म्हटलं. आणि हो म्हटल्याचं त्यांना इतकं बरं वाटलं, की त्या आठवड्यात ते तीन जणांना सांगून आले. नीमालाही सांगितलं, "बेटा, आमची मुलगीसुद्धा परदेशात आहे. परकेपणा म्हणजे काय, ते आम्हाला समजतं." एवढं बोलून त्यांनी तिच्या हातात चौदा नियमांचा कागद ठेवला. इंग्रजीत टाइप केलेला, लॅमिनेट केलेला.

नीमाने तो शांतपणे वाचला. "हौ अंकल," म्हणाली. तिची हिंदी कॉलेजसमोरच्या पोह्याच्या ठेल्यावर तयार झाली होती, त्यामुळे ती पक्की इंदुरी होती. पहिल्याच दिवशी तिने वाल्मिकजींना 'भिया', म्हणजे भाऊ, म्हटलं होतं. वडीलधाऱ्यांना तसं म्हणायचं नाही, हा नियम कागदावर नसल्यामुळे तोंडी सांगावा लागला.

दोन महिने सगळं ठीक चाललं, मराठीही तिला ऐकून ऐकून समजू लागली. मग मेमधल्या एका रविवारी, दुपारी, आनंदी पोळ्या लाटता लाटता थांबली आणि तिने मान वर केली.

"सुकट," ती म्हणाली. बऱ्याच वर्षांनी गावाहून कुणी आलं की त्याचं नाव घ्यावं, तशी.

वाल्मिकजींनाही वास आला होता. त्यांच्या लहानपणी महूच्या घरात हा वास महिन्यातून दोनदा असायचा. वडील पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, आणि आईच्या हातचं सुकट खायला त्यांचे जुने सोबती येऊन बसायचे. पण बावीस वर्षांपूर्वी वाल्मिकजींनी या कॉलनीत घर बांधलं आणि आनंदीला सांगितलं, इथे ते नको. का नको हे तिने विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. लोकांना बोलायला काही मिळू नये, एवढंच दोघांनाही समजलं होतं.

ते जिना चढून वर गेले. नीमाच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती आणि गॅसवर पातेलं रटरटत होतं.

"बेटा, नियम नंबर सहा."

"अंकल, सहा नंबर में फ्राय लिखा है. मैं तो उबाल रही हूँ."

वाल्मिकजींनी भिंतीवरचा कागद जवळ जाऊन वाचला. खरंच, 'मासे तळू नयेत' असंच लिहिलं होतं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या मसुद्यात कुणी अशी फट काढली नव्हती.

"भावार्थ समजून घे ना," ते म्हणाले. "कमीत कमी खिडकी तरी बंद कर."

नीमाने खिडकी बंद केली. बाहेर बेचाळीस डिग्री होतं. ते खाली पोचेपर्यंत वर तिला ठसका लागलेला ऐकू येत होता. आनंदी त्यांच्याशी त्या दिवशी फक्त कामापुरतं बोलली.

दुसऱ्या दिवशी संबोधीचा फोन आला. तिकडे सकाळ होती आणि ती चिडलेली होती.

"पापा, इथली मकानमालकीण नं, एकदम खडूस आहे. मी फोडणी दिली की येऊन उभीच राहते. काल बोलली, वास जिन्यात येतो. अब बताओ, उपाशी राहू काय मी?"

"असं म्हणाली ती?"

"हो ना. आणि ते तोंड असं करून. जाऊ द्या, तुम्ही टेन्शन नका घेऊ, मी फक्त सांगितलं."

पण वाल्मिकजींचं जेवण तिथेच राहिलं. ते टेबलाशी बसले, चष्मा चढवला आणि त्या बाईंना पत्र लिहायला घेतलं. पहिले दोन परिच्छेद सरकारी उतरले. तिसऱ्याला मात्र त्यांचा हात थांबेना. त्यांना मल्हारगंजातली ती गल्ली आठवत होती. कॉलेजला प्रवेश मिळाल्यावर ते महूहून खोली शोधायला आले होते. एका घरमालकाने खोली दाखवली, पाणी पाजलं, आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर त्याला आठवलं, की ही खोली भाच्याला कबूल केली आहे. पुढची तीन वर्षं वाल्मिकजी महूहून रोज बसने ये-जा करत शिकले. हे त्यांनी आनंदीलाही कधी सांगितलं नव्हतं. पत्रातही ते आलं नाही. पण त्यातून एक वाक्य आलं: ज्याच्या स्वयंपाकाचा वास आपल्याला सोसत नाही, त्याला आपण घर दिलेलं नसतं, फक्त चार भिंती दिलेल्या असतात.

वाक्य त्यांना स्वतःलाच फार आवडलं. पण परदेशात जाणारं पत्र, एखादी चूक राहायला नको. घरात त्यांच्याहून चांगलं इंग्रजी येणारं एकच माणूस होतं.

नीमा कॉलेजातून आली तशी त्यांनी तिला बोलावलं. आनंदीने तिच्यापुढे सरबत ठेवलं. नीमाने पेन काढून पत्र सावकाश वाचलं. पहिल्या परिच्छेदातली तीन विशेषणं काढली, एका ठिकाणी 'द' घातला. तिसऱ्या परिच्छेदाशी ती जरा जास्त वेळ थांबली. तिथे तिने काहीच बदललं नाही.

"बहुत अच्छा लेटर है, अंकल," ती म्हणाली. "इसकी एक कॉपी मुझे मिलेगी?"

"तुला कशाला?"

"मेरे भी मकानमालिक हैं न."

हे तिने टोमणा मारल्यासारखं म्हटलं नाही. ती साधेपणाने बोलली, सरबत संपवलं, आनंदीला थँक्यू म्हणाली आणि वर गेली. आनंदी ग्लास उचलून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. नळाच्या आवाजात ती हसत होती की काय, ते त्यांना कळलं नाही.

कुणालाही वाटेल, की मग त्यांनी पत्र फाडलं असेल. तसं काही झालं नाही. इतकं चांगलं पत्र फाडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. संबोधीच्या भाडेकरारावर त्या बाईंचा ई-मेल होता. त्यांनी पत्र पाठवून दिलं.

उत्तर तीन दिवसांनी आलं, चार ओळींचं. बाईंनी लिहिलं होतं, की तुमच्या मुलीला मी स्वयंपाक करू नको असं कधीच म्हटलं नाही. फोडणी देताना खिडकी उघड, एवढंच म्हटलं, कारण ती थंडीला घाबरून खिडकी बंद ठेवते आणि मग तिलाच ठसका लागतो. मी जिन्यातून वर जाते ती पडली-बिडली नाही ना, ते पाहायला.

त्याच दिवशी संबोधीचाही फोन आला. तिने नमस्कारही केला नाही.

"पापा, तुम्ही सच्ची में लेटर पाठवलं? बाई रडत होत्या. मी तर फक्त सांगत होते तुम्हाला. माणूस घरच्यांना सांगणार नाही तर कुणाला सांगेल?"

"तू म्हणालीस, खडूस आहे."

"तर काय झालं? तुम्हीपण आहात."

वाल्मिकजींनी उत्तराचा ई-मेल कुणाला दाखवला नाही. खिडकीचा भाग तर अजिबातच नाही. संध्याकाळी ते टाकी बघायच्या निमित्ताने वर गेले आणि नीमाला म्हणाले, "उकाडा फार आहे. खिडकी उघडी ठेवत जा."

"और सहा नंबर?"

"तो सुधारून देतो."

पुढच्या रविवारी वर पुन्हा पातेलं चढलं. खिडकी उघडी होती आणि वास जिन्यातून, गॅलरीतून, गल्लीतून निघाला. मागच्या घरातल्या दुबेजींनी त्यांची खिडकी धाडकन लावली. वाल्मिकजींनी बावीस वर्षं ज्या आवाजाची वाट पाहिली होती, तो हाच. ऐकला आणि झालं. पुढे काहीच नाही. मग फाटक वाजलं. समोरच्या घरात राहणाऱ्या शोभनाताई होत्या. कारखान्यात इंजिनियर, वर्षापूर्वीच महाराष्ट्रातून बदलून आलेल्या, अतिशय टापटिपीच्या. वाल्मिकजी उत्तर मनात जुळवत फाटकापर्यंत गेले.

"काका, रागावू नका, पण विचारल्याशिवाय राहवेना," शोभनाताई खालच्या आवाजात म्हणाल्या. "सुकट कुठे मिळतं इंदुरात? मी अलिबागची. इथे आल्यापासून मी तोंडातून शब्द काढला नाही, म्हटलं तुम्हा लोकांना चालणार नाही."

जुळवलेलं उत्तर वाल्मिकजींना गिळावं लागलं. "वर विचारा," ते म्हणाले. "किरायेदाराला माहीत."

शोभनाताई वर गेल्या. त्यांच्या मागोमाग आनंदीही गेली, नवऱ्याकडे न बघता, हातात भाकरीची टोपली घेऊन. भाकरी तिने केव्हा थापल्या, तेही त्यांना माहीत नव्हतं. खाली टेबलावर त्यांच्यासाठी वरण-भात झाकून ठेवला होता. ते एकटे बसले. वरून तीन बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता, तीन भाषांतला, आणि मधेच हसण्याचा.

त्यांनी झाकण उघडलं, परत ठेवलं आणि जिना चढले. नीमाने काही न विचारता ताटली पुढे केली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिची आई होती, दार-ए-सलामहून. आईला मकानमालक पाहायचे होते. नीमाने फोन त्यांच्याकडे वळवला. डोक्याला लाल कापड बांधलेल्या एका बाईंनी त्यांना नीट न्याहाळलं आणि त्या बराच वेळ बोलल्या.

"काय म्हणतायत त्या?" वाल्मिकजींनी विचारलं.

"पूछ रही है, आप मुझे तकलीफ तो नहीं देते."

आनंदीने त्यांच्याकडे पाहिलं. शोभनाताईंनी भाकरीकडे पाहिलं. एरवी ते म्हणाले असते, की लेखी उत्तर देतो. हातात ताटली होती, बोटांना रस्सा लागला होता, आणि तिकडे एक आई डोळे बारीक करून थांबली होती.

"सांग त्यांना," ते म्हणाले, "मुलगी जेवते आहे."