टाकीचा सुस्कारा

मिस्त्रींना सगळे 'कान' म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. बॉनेट न उघडता, नुसतं इंजिन ऐकून ते रोग सांगत, आणि चाळीस वर्षांत त्यांचं निदान चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. असल्या नावाचा माणसाला गर्व होतोच, त्यांनाही होता. हेडमास्तरांच्या गाडीनं मात्र त्यांच्या नाकी नऊ आणले.

गाडी हेडमास्तरांच्या वडिलांच्या वेळची, साठी उलटलेली. अर्धा तास झकास चालायची, मग दोन-तीनदा ठसकायची आणि भर रस्त्यात बसकण मारायची. पाऊण तास थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण का पोचत नाही, ते काही केल्या कळेना.

मिस्त्रींनी कार्बोरेटर तीनदा खोलला, त्याची बारीक भोकं फुंकून साफ केली. पंपाचा पडदा बदलला, टाकी उतरवून धुतली, पेट्रोलची नळी इंजिनाच्या धगीपासून लांबून फिरवली. दर वेळी गॅरेजभोवती दहा मिनिटांची चक्कर मारून गाडी परत दिली, आणि दर वेळी चार दिवसांत ये रे माझ्या मागल्या. तिसऱ्या खेपेला हेडमास्तर रागावलेसुद्धा नाहीत, तेच मिस्त्रींना जास्त लागलं.

"राहू द्या हो मिस्त्री," ते म्हणाले. "तुम्ही तरी किती करणार?"

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी मनाशी ठरवलं, या खेपेला सापडलं नाही तर शटर कायमचं खाली ओढायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायला घरात बायको एकटी, आणि दोनेक वर्षं झाली, ती सारखी खेकसायची. साधं "जेवायला चला" म्हणायचं तरी भांडण काढल्यासारखं. इतकी वर्षं आपला संसार ओढून बाई वैतागली असेल, असं म्हणून ते मुकाट्यानं खाली मान घालून जेवत.

रविवारी तिला बहिणीकडे सोडायचं होतं. रस्ता दीड-दोन तासांचा, म्हणून मिस्त्रींनी हेडमास्तरांना विचारून तीच गाडी काढली. बंद पडू दे एकदा डोळ्यांदेखत, म्हणाले. गाडीनं शब्द पाळला. पंचविसाव्या मिनिटाला, एका चढावर, ती ठसकली आणि थांबली.

बंद गाडीपाशी गेलं की आधी टाकी उघडून नाक लावायचं, ही त्यांच्या उस्तादांची शिकवण. निम्म्या गाड्या रिकाम्या टाकीपायी अडतात आणि मिस्त्री उगाच इंजिन खोलत बसतो, असं उस्ताद म्हणायचे. मिस्त्रींनी झाकण काढलं, वास घेतला, झाकण लावलं. मग बॉनेट उघडून नळी सोडवली आणि बायकोला चावी फिरवायला सांगितली. नळीतून पेट्रोल भळभळा आलं. नळी जोडली, गाडी सुरू.

"बघितलंस?" ते म्हणाले. "मी बघायला लागलो की रोग पळतो." त्यांचा आवाज फार दमलेला होता.

आणखी पंचवीस मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा झाकण, पुन्हा वास. या वेळी ती पाय मोकळे करायला उतरली होती.

"अहो, हे दर वेळी असं करतं का?"

"काय?"

"झाकण! उघडलंत की सुस्स करून हवा आत घेतं. मघाशीसुद्धा केलं."

मिस्त्री झाकणाकडे बघत राहिले. त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. ना आत्ता, ना मघाशी, ना गेल्या चार महिन्यांत. आणि दर वेळी तेच झाकण उघडून, आत अडलेला रोग स्वतःच्या हातानं सोडून देऊन, मग ते तो इंजिनात शोधत बसले होते.

"बस गाडीत," ते म्हणाले.

तिसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा ते टाकीपाशी गुडघ्यावर बसले आणि झाकणाला कान जवळजवळ चिकटवला. "आता तू उघड. हळू." बायकोनं झाकण फिरवलं. मिस्त्री श्वास रोखून ऐकत होते. कडेला धरलेल्या तळहाताला आत ओढली जाणारी हवा लागली, पण कानाला काही नाही. त्यांनी वर तिच्या तोंडाकडे बघितलं. तिनं नुसती मान हलवली. झाला होता आवाज.

झाकणाच्या आत काळ्या रबराचा वायसर होता. चार महिन्यांपूर्वी पेट्रोलचा वास येतो अशी हेडमास्तरांची तक्रार आली तेव्हा मिस्त्रींनीच तो जुन्या ट्यूबमधून कापून बसवला होता. कात्रीची वाकडीतिकडी धार त्यांनी लगेच ओळखली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, तसंच वायसरलाही पाडायचं असतं. ते पाडायला मिस्त्री विसरले होते. पेट्रोल उपसलं जाईल तेवढी हवा आत यायला वाटच नव्हती, मग टाकी पेट्रोल आवळून धरणार नाही तर काय! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"पिन दे," ते म्हणाले. तिनं पदराची पिन काढून दिली. त्यांनी वायसर टोचून भोक पाडलं, दोनदा फुंकून बघितलं आणि झाकण लावलं. आनंद व्हायला हवा होता. ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले. "माझ्या कानांचं."

"दोन वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळा गाव तुम्हाला कान म्हणतो. मी काय बोलू? जरा मोठ्यानं बोलायला लागले, झालं." तिनं पिन पुन्हा पदराला लावली. "तुम्हाला काय वाटलं?"

तू माझ्यावर चिडली आहेस, असं वाटलं, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. दोन वर्षं रोज ती घसा ताणत होती आणि ते खाली मान घालून जेवत होते. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"काही नाही," ते म्हणाले. "चल."

पंचवीस मिनिटं झाली, पस्तीस झाली, गाडी थांबली नाही. तिच्या बहिणीचं घर दिसायला लागलं तसा मिस्त्रींनी वेग कमी केला.

"कसं वाजतंय इंजिन?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात कुणाला विचारला नव्हता.

वाऱ्याचा आवाज नको म्हणून तिनं खिडकीची काच वर केली आणि नीट ऐकलं.

"एकसारखं," ती ओरडून म्हणाली. "मध्येच कुठंतरी बारीक टकटक येतेय."

"कुठून? डावीकडून का?"

"थांबा," ती म्हणाली. "ऐकू द्या."