उठवण राहिलेली वाघरजाई

मित्रांनो, मी एक जुनी देवी आहे. माझं नाव वाघरजाई. मला कुठल्या डोंगरावर शोधू नका, माझं देऊळ मोबाईलमधल्या एका खेळात आहे. उद्या सकाळी ते तिथूनही निघणार. म्हणून आज थोडं बोलते.

मला घडवलं समीक्षानं. ती जतकडच्या माळावरची, मेंढपाळांच्या घरची लेक. सांगलीत हळदीच्या एका दुकानाच्या माडीवर काही जण मिळून खेळ बनवायचे, त्यांच्यात ती चित्रं काढायची. खेळाचं नाव ‘धूळवाट’. राक्षसांच्या, बोलत्या वारुळांच्या मुलखातून आपला कळप सुखरूप पार न्यायचा, असा तो खेळ. समीक्षानं माझ्या खांद्यावर घोंगडं टाकलं आणि हातात वाघर दिली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तिच्या शेजारी बसणारा शिवतेज हसला.

“ही देवी हाय का मेंढकीण? चार दागिनं तरी घाल की!”

“मेंढरामागं पळताना दागिनं काय कुसळात पाडायचं व्हय रं?”

मग माझ्यासाठी गाणं हवं होतं. समीक्षा गावी गेली. तिचा आज्जा, हरिबा, ढोलावर ओव्या म्हणायचा. त्यांच्या घरची रीत अशी, की आधी देवीला बोलवायचं, मग तिची कथा सांगायची आणि शेवटी उठवण म्हणायची. उठवण म्हणजे आलेल्या देवीला मानानं माघारी धाडायचं. हरिबानं सगळं साग्रसंगीत म्हटलं, तिनं ते रेकॉर्ड करून घेतलं. पण खेळाला छोटा तुकडा लागत होता, संपला की पुन्हा सुरू होणारा. समीक्षानं बोलावणं तेवढं ठेवलं, कथा गाळली आणि उठवण कापली. कापताना तिचं बोट थबकलं होतं, ते मी पाहिलं. “खेळच तर हाय,” असं ती पुटपुटली आणि पुढच्या कामाला लागली.

ये गं माय वाघरजाई, माळ वलांडून ये,
इखुरली मेंढरं माझी, गोळा कराया ये.

काय दिवस होते ते! माझ्या पायरीवर भंडारा उधळल्याशिवाय खेळणारी पोरं पुढच्या घाटात शिरत नसत. स्वतःला ‘वाघरकरी’ म्हणवून घेत. कुणी पाटणचं, कुणी शिराळ्याचं, तर कुणाला मराठीही यायचं नाही, पण ओवी सगळ्यांना पाठ. हरवलेलं मेंढरू सापडलं की माझ्यापुढे नाचत. मी सुखावले, नाही कशाला म्हणू? पण आत काहीतरी टोचायचं. मी तर आले होते, आणि हाक मला बोलवतच होती. दारात आलेल्या पाहुण्याला कुणी बस म्हणू नये, जा म्हणू नये, नुसतं ‘या, या’ करत राहावं, तसं.

पुढे खेळात उडते घोडे आले. मेंढरं कोण राखणार? पायरीवरचा भंडारा सरला. वाघरकरी एकेक करून पांगले. ओवी मात्र रिकाम्या देवळात घुमतच राहिली. समीक्षा घोड्यांचे पंख रंगवण्यात गढली आणि माझ्याकडे फिरकेनाशी झाली. हरिबा फोनवर विचारायचा, “समे, माझी ओवी कवा ऐकवतीस?” ती म्हणायची, “येते की दिवाळीला.” दिवाळ्या आल्या नि गेल्या. ती आज्जाला का चुकवत होती, ते तिला ठाऊक होतं आणि मलाही.

मग कंपनीत ठरलं, खेळ हलका करायचा, ओस पडलेली देवळं काढून टाकायची. आता मात्र समीक्षाला राहवेना. आज दुपारी ती गावी पोचली. हरिबा लिंबाखाली बाजेवर पडला होता. अंगावरून वारं गेल्यापासून त्याचा आवाज पडला होता. तिनं फोनमध्ये माझं देऊळ उघडलं आणि फोन त्याच्या कानाशी धरला.

म्हातारा डोळे मिटून ऐकत राहिला. बोलावणं संपलं, पुन्हा सुरू झालं. संपलं, पुन्हा सुरू झालं.

“उठवण कवा यायची गं?”

समीक्षानं मान खाली घातली. “मी कापली, आज्जा.”

“म्हंजी इतकी वरसं ती हुबीच हाय?”

“आवं, खेळातली हाय ती. खरी न्हाई.”

“मी खरीलाच बोलावली हुती.”



“चुकलं माझं,” समीक्षा म्हणाली. “तुमी म्हणा आता.”

“गळा कुठं ऱ्हायलाय मला? तूच म्हण.”

“बायकांनी म्हणायची रीत न्हाई आपल्यात.”

“अर्धी कापायची तरी रीत कुठं हुती?”

समीक्षानं तिथूनच शिवतेजला फोन लावला. “वाघरजाईची ओवी आत्ताच्या आत्ता बंद कर.”

“अगं, उद्या समदंच काढणार हाय की!”

“बोलावणं चालू ठिवून निरोप कसा देऊ? कर रं बाबा, पाया पडते.”

ओवी थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या देवळातलं वारं मला ऐकू आलं. मग समीक्षा खेळातलं आपलं पात्र घेऊन माझ्या पायरीशी आली आणि फोनजवळ तोंड नेऊन म्हणू लागली. दुसऱ्या ओळीला ती अडली, तेव्हा हरिबानं बाजेच्या लाकडावर बोटांनी ठेका धरला आणि नुसते ओठ हलवले.

जा गं माय वाघरजाई, आल्या वाटंनं जा,
गोळा झाली मेंढरं समदी, सुखानं घरला जा.

“गेली असंल का वं?” समीक्षानं डोळे पुसत विचारलं. “का रागानं गेली?”

“रागावली तर तिचा हक हाय त्यो,” हरिबा म्हणाला. “जा, जेवून घे.”

मी रागावले नव्हते, मित्रांनो. पण हे तिला सांगू कशी? खेळात मला आवाज म्हणून एकच ओवी दिलेली होती, आणि ती तर आता बंद झाली होती. तिच्या जिवाला ते लागून राहील, याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्ही मोठे व्हाल, तसे तुमचे खेळ बदलतील. माझे वाघरकरी मला विसरले, त्याचा राग नाही. पण ज्याला हाका मारून जवळ बोलावलंत, त्याला दारात तिष्ठत ठेवू नका. ते खेळणं असो की देव, आधी त्याला नीट निरोप द्या. मग खुशाल विसरा.