जालिंदरची ओवी

शहाण्णव साली पाण्याच्या मोर्चात केंदूरची नऊ माणसं धरली आणि शिरूरच्या जेलात ठेवली. भेट आठवड्यातून एकदा, तीही घरातल्या एकालाच. माझी बायको साळूबाई त्यांच्यातल्या कुणाच्याच घरातली नव्हती. म्हणून ती बाजाराच्या दिवशी गावच्या पाचसहा बाया घेऊन जायची आणि मागच्या बोळात, भिंतीशी उभी राहून ओव्या म्हणायची. ओव्यांत देवाचं काही नसायचं. गावची खबर असायची, ज्याच्या घरची त्याचं नाव घालून. आतून कुणी ताटली वाजवली की समजायचं, पोचली.

आमच्या आळीतल्या जालिंदरची ओवी अशी होती:

बंधू माझ्या जालिंदरा, म्हैस तुझी व्याली राती
आई तुझी बानूबाई आळीमंदी चीक वाटी

बाकीचे वर्षभरात सुटले. जालिंदरला सात वर्षांची सजा लागली, त्याला पुण्याच्या जेलात नेलं; अजून तो तिथंच आहे. मोर्चाच्या सगळ्यात पुढं पुढारी बापूसाहेब होता. त्या नऊंखेरीज त्यालाही धरला होता, पण तो दुसऱ्या दिवशीच बाहेर आला. कोर्टात म्हणाला, मी रस्त्यानं चाललो होतो, ह्या माणसांना मी ओळखत नाही.

साळूबाई गेल्या आषाढात गेली. कावीळ झाली, दहा दिवसांत आटपलं. महिन्याभरानं बापूसाहेबाचा पुतण्या सत्यजीत घरी आला. तो कॉलेजात शिकवतो. शेजारच्या स्नेहलनं साळूच्या ओव्या एका वहीत उतरवल्या होत्या, ती वही त्याला हवी होती.

"आप्पा, काकूंच्या ओव्यांचं पुस्तक काढू. राजकीय कैद्यांसाठी ओव्या. वर काकूंचा फोटो."

साळूचा एकच फोटो होता, मतदार कार्डासाठी काढलेला. मी वही दिली, फोटोही दिला. एक शब्द विचारला नाही. तिचं तोंड छापलेलं बघायचं होतं, एवढंच.

प्रकाशन दौंडला ठेवलं. बानूबाईला मी बरोबर घेतलं. टेम्पोत तिनं तीनदा विचारलं, "माझ्या जाल्याची म्हणत्याल नव्हं?"

"म्हणत्याल की."

हॉलात मोठा बॅनर होता: 'लढवय्ये बंदिवान बापूसाहेब यांना काव्यवंदना'. निवडणूक दोन महिन्यांवर होती. कवी एकामागून एक उठले. एकजण सारखा बेड्या, बेड्या म्हणत होता. त्याच्या मनगटात सोन्याचं कडं होतं. बापूसाहेबानं माझ्या खांद्यावर शाल टाकली. त्याच्या हाताला अत्तराचा वास होता. मी हात जोडले, हे सांगायला लाज वाटते.

मग चार मुली पेटीवर ओव्या म्हणायला लागल्या.

बंधू माझ्या बापूसाहेबा, म्हैस तुझी व्याली राती
आई तुझी बानूबाई आळीमंदी चीक वाटी

बापूसाहेब मान डोलवत होता. दुसऱ्या रांगेतून बानूबाई उठली.

"ह्याला मी कवा जन्माला घातला?"

मागं कुणी हसलं. ती त्याच्याकडं वळली. "हसतोस काय? माझ्या पोटचा पुण्याच्या जेलात हाय. ह्यो कोण?"

बापूसाहेब माझ्या कानाशी वाकला. "म्हातारीला बसवा की, आप्पा."

मी पुस्तक उघडलं. छत्तीस ओव्या, आणि प्रत्येकीत बापूसाहेब. त्या नऊतल्या हनुमंताच्या बाजरीला कणीस आलं होतं, ती बाजरी ह्याची. हनुमंताची लेक गोफण घेऊन माळ्यावर गेली होती, ती लेकही ह्याची. नऊ माणसांचं घरदार त्यानं एकट्यानं गिळलं होतं. आणि कव्हरवर माझी साळू, पदर नीट घेऊन.

सत्यजीत धावत आला. "आप्पा, गडबडीत राहिलं ते. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करतो."

मला वाटलं, जालिंदरचं नाव परत घालील. "काय दुरुस्त करणार?"

"दुसरी ओळ. बानूबाई काढून साहेबांच्या मातोश्रींचं नाव घालतो."

शाल मी खुर्चीवर ठेवली.

"साळूचं नाव काढा ह्यातनं. फोटो बी काढा."

"मग काकूंचं काय राहणार, आप्पा? तुमचंच नुकसान आहे."

त्याचं खरं होतं. तसा फोटो घरात दुसरा नव्हता, आणि कार्डावरचा तर ओळखूही येत नाही.

दाराबाहेर टेबलावर पुस्तकांचा गठ्ठा होता. मी तिथं जाऊन बसलो आणि एकेका पुस्तकाचं कव्हर फाडायला लागलो. पिना घट्ट होत्या. पहिल्या दोनतीन वेळा साळूचं तोंडच मधून फाटलं. मग मी नखानं पिन उचकटून हळू काढायला शिकलो. कुणीतरी "आप्पा, आप्पा" म्हणून हात धरला, तो झटकला. आत पेटी चालूच होती.

बानूबाई बाहेर आली. बघत राहिली.

"साळूला कशाला फाडता?"

"फाडत न्हाई. सोडवतोय तिला."

ती खाली बसली. एक पुस्तक मांडीवर घेऊन तिनं डोक्यातला आकडा काढला आणि पिनेखाली घातला.