नखी मोडलेली कॅसेट

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. जुन्या वस्तूंनी आपली गोष्ट सांगताना हळवं व्हावं, उसासे टाकावेत, अशी तुमची अपेक्षा असते. ते मला ठाऊक आहे. उसासे मीही टाकीन, पण मधूनमधून. आधी राग ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. वरून काळी पेटी, पोटात तपकिरी फीत. जन्मले तेव्हा मी कोरी होते आणि कोऱ्या जिवाला कसलाच राग नसतो. जपानातल्या हाकोदातेच्या बंदरापाशी, चढावरच्या एका घरात मला तात्सुएने आणलं. तिचा नवरा मोरिओ समुद्रातली माकुळं धरणाऱ्या होडीवर जायचा. तात्सुए लग्नाआधी तोक्योला होती आणि तिथे एका कार्टूनमधल्या पाणमांजराला तिने आपला आवाज दिला होता. त्या पाणमांजराचं नाव चोबेई.

तुम्हाला चोबेई माहीत नाही. इथेच माझं डोकं फिरतं!

रोज संध्याकाळी सहा वाजता तो यायचा. चपटी होडी, डोक्यावर गवताची टोपी, पाण्यात सोडलेली शेपटी. रोज एका उतारूला तो नदीपार न्यायचा. कधी आंधळा बगळा, कधी छत्री हरवलेला बेडूक, तर एकदा पाण्यात पडलेला आणि घरी जायची लाज वाटणारा चंद्र. ते पाणी माणसांनी हातांनी रंगवलेलं होतं, मित्रांनो. उतारू उदास असला की ते राखी व्हायचं आणि हसला की हिरवं. आणि चोबेई वल्हं मारताना गायचा,

पाण्याच्या पोटी पाणी, पाण्याला नाही दार
चोबेईची होडी बाई, नेते पल्याड पार

गोष्ट संपली की होडी रिकामी व्हायची आणि धुकं उतरायचं. मग चोबेई तोंडापाशी दोन्ही पंजे धरून हाक द्यायचा, “पल्याड कोण येतंय?” आणि त्या चढावरच्या घराघरांतून, भाताचे घास तोंडात असलेली पोरं ओरडायची, “मी!” आया रागवायच्या, शितं उडायची. पण ओ दिल्याशिवाय कोणी पुढचा घास घेत नसे. तशी रीतच पडली होती तिथे.

एके दिवशी पडद्यावर चार ओळी आल्या. पुढच्या आठवड्यापासून चोबेई दिसणार नाही. त्याचा शेवटचा भाग, तो चंद्राचाच, तात्सुएने माझ्यावर उतरवून घेतला. माझ्या पाठीच्या कडेला प्लास्टिकची एक बारीक नखी होती. ती शाबूत असेपर्यंत माझ्यावर कोणीही दुसरं काहीही चढवू शकतं. ती मोडली की यंत्र हटून बसतं. तात्सुएने केसातला आकडा काढला आणि एका झटक्यात नखी मोडली. जरा दुखलं. पण तेवढा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही. आता मी कोरी नव्हते, कोणाची तरी होते.

पुढची काही वर्षं सुखाची गेली. तिची मुलगी कानाए लहान होती. तिला ताप आला की मला लावायचे, बाहेर बर्फ साचला की मला लावायचे. बघून झालं की तात्सुए मला पार सुरुवातीपर्यंत उलटी फिरवून ठेवायची. मोठी शिस्तीची बाई. तीच शिस्त पुढे नडली.

कारण एका रविवारी सुमोच्या कुस्त्यांचा शेवटचा दिवस होता आणि गावचा पैलवान हामाकागे आखाड्यात उतरणार होता. मोरिओला ती कुस्ती जपून ठेवायची होती. घरात कोरी कॅसेट नव्हती, तात्सुए बाजारात गेली होती. त्याने मला उचललं. माझ्या पाठीवर तिच्या अक्षरात ‘चोबेई’ लिहिलेलं होतं. त्याने ते वाचलं. वाचलं, मित्रांनो! मग माझ्या मोडक्या नखीच्या जागी त्याने चिकटपट्टीचा तुकडा लावला. भोक बुजलं की यंत्राला वाटतं नखी आहे, आणि ते मुकाट्याने ऐकतं. ही युक्ती त्या गल्लीत सगळ्यांना येत होती.

मग ते पैलवान पार सुरुवातीपासून माझ्या अंगावर नाचले. चोबेईच्या होडीवर, त्या हिरव्या पाण्यावर, चंद्राच्या लाजेवर ते धिप्पाड पाय आपटत राहिले. हामाकागे जिंकला. मोरिओने टाळ्या वाजवल्या, बटण बंद केलं आणि मला होती तिथे ठेवून दिलं. नंतर कपाट आलं, कापराचा वास आला, कित्येक वर्षं अंधार आला.

त्या वर्षांत तात्सुएच्या घशात गाठ झाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. आता ती गळ्याला एक छोटं यंत्र लावून बोलते. ते माशीसारखं गुणगुणतं. त्याला चढ नाही, उतार नाही. तिची नात हिनानो हे ऑपरेशन झाल्यानंतर जन्मली. आजी बोलू लागली की ती कानावर हात ठेवून आईच्या मागे लपते. आजी जवळ घ्यायला गेली की अंग चोरते. तात्सुएने तिच्याशी बोलणंच सोडलं होतं. नुसती संत्री सोलून ताटलीत ठेवायची आणि लांब जाऊन बसायची.

पोरीला एकदा तरी आपला खरा आवाज ऐकू यावा, एवढंच तिला हवं होतं.

कानाएने आधी टीव्हीवाल्यांना फोन केला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. म्हणाला, ते फिल्मचे डबे आंबट वास मारायला लागले होते, इमारत बदलताना टाकून दिले. आणि ताई, तसंही ती वेळ आता खाण्याच्या कार्यक्रमाची असते. खरंच असते. मी घरात ऐकते ना. रोज सहा वाजता कोणीतरी शेवयांच्या वाडग्यावर वाकतं आणि डोळे मिटून “अहाहा” म्हणतं. टीव्हीवाल्यांनो, आंधळ्या बगळ्याला उतरवून तुम्ही त्या जागी वाडगा बसवलात!

मग कानाएला मी आठवले. शेजारचे इसोगाई रेडिओ दुरुस्त करायचे, ते आपलं जुनं यंत्र बगलेत मारून आले. “वहिनी, हे माझ्याएवढंच म्हातारं आहे, पण माझ्याहून बरं चालतं,” म्हणाले. सगळे बसले. हिनानो आईच्या मांडीवर, हातात वाळवलेल्या माकुळाचा तुकडा. तात्सुएने केस नीट केले होते. मोरिओ दाराशी बसला होता, अगदी दाराशी.

मी फिरले, आणि पडद्यावर आखाडा आला.

पैलवान मीठ उधळत होते. तात्सुएने यंत्र गळ्याला लावलं. “हे कोणी केलं?”

त्या गुणगुणीत राग नव्हता, मित्रांनो. असणार कसा? त्या यंत्राला राग येतच नाही. आत बाई पेटलेली होती आणि बाहेर माशी गुणगुणत होती. म्हणून मी रागावते. तिच्या वाटणीचं मी रागावते.

मोरिओने चटईकडे बघत सांगितलं, “मी. मला वाटलं, कार्टूनच आहे. पुन्हा दाखवतील.”

“बाबा, तुम्ही वाचलं होतंत ना वरचं नाव?” कानाएने विचारलं.

“वाचलं होतं.”

तात्सुएने हाताने खूण केली, बंद करा. इसोगाई उठले. मी आतून आक्रोश करत होते की थांबा, माझं शेपूट अजून शिल्लक आहे, त्याच्यापर्यंत हे पाय पोचलेले नाहीत! पण कॅसेटला कोण विचारतं.

थांबवलं ते हिनानोने. “नको ना बंद करू. तो जाडा पडतो का बघायचंय.”

पोरीसाठी थांबले. जाडा पडला. हामाकागे जिंकला. पडदा थरथरला, पांढरा झाला, आणि त्या पांढऱ्यातून हळूहळू धुकं उतरलं. रिकामी होडी, गवताची टोपी. दोन पंजे तोंडाशी गेले आणि भरल्या घागरीसारखा एक आवाज खोलीभर पसरला.

“पल्याड कोण येतंय?”

“मी,” हिनानो म्हणाली. तोंडात माकुळ तसंच. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

पडदा पुन्हा पांढरा झाला. कानाए हळूच म्हणाली, “ती तुझी आजी होती.”

“खोटं.”

तात्सुएने यंत्र उचललं, पुन्हा खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग त्या सपाट गुणगुणीत म्हणाली, “पल्याड कोण येतंय?”

पोरीचे हात कानाकडे गेले आणि अर्ध्यावर थांबले. ती उठली, आजीसमोर उभी राहून तिच्या गळ्याकडे बघत राहिली. “आजी, चोबेई तुझ्या गळ्यात कशाला जाऊन बसला?”

“तिकडे त्याला जागा दिली नाही,” तात्सुए म्हणाली.

हिनानोने जरा विचार केला आणि ती आजीच्या मांडीवर बसली. मोरिओ दारातून उठून आला. त्याने मला यंत्रातून काढलं, माझ्या पाठीवरची ती पिवळी पडलेली चिकटपट्टी आपल्या जाड नखाने खरवडली. नख तुटलं, तरी तो खरवडत राहिला. पट्टी निघाली.

म्हणून माझा राग गेला असं समजू नका. एक हाक उरली म्हणून मी नदी विसरू? तो बगळा, तो चंद्र, ते दोन ओळींचं गाणं आता कुठेच नाही. पुढे टीव्हीवाल्यांना बातमी लागली. जुन्या आठवणींच्या कार्यक्रमात घटकाभर दाखवू, मध्ये पाहुणे हसतील, असं म्हणाले. तात्सुएने गुणगुणत उत्तर दिलं, “रोज सहा वाजता दाखवणार असाल तर या.” ते आले नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणीतरी नखी मोडून काही जपलेलं असेल. त्यावर लिहिलेलं नाव वाचा, आणि वाचल्यावर हात मागे घ्या. पुन्हा दाखवतील, असं कोणाच्या भरवशावर म्हणू नका. दाखवत नाहीत.

आता मी फार झिजले आहे. दर खेपेला थोडी खरवडली जाते. तरी हिनानो आली की मला लावतात, आधी सगळी कुस्ती बघावी लागते, मग धुकं उतरतं. हाक येते. आणि दाराशी बसलेला म्हातारा मोरिओ सगळ्यांच्या आधी, खालच्या आवाजात ओ देतो.