दिवसभर उघडी वेबसाइट

नगरच्या बाजारात भिमाजींचं पेटीदुरुस्तीचं दुकान होतं. भजनी मंडळांच्या पेट्या दमेकरी आवाजात यायच्या आणि बऱ्या होऊन जायच्या. दुकानात स्टुलं दोन, बसणारा एकच. दुसरं स्टूल धाकट्या भावाचं, कारभारीचं. भिमाजींना लाकूड कळायचं, सूर कळायचा तो कारभारीलाच.

अकरा वर्षांपूर्वी एक पेटी बेसूर वाजली आणि भिमाजी गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "कान फुटले का रं तुजे?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. कारभारीने चप्पल घातली आणि तो गेला, तो थेट मस्कतला, असं पुढे कुणीतरी सांगितलं. चूक सुराची नव्हतीच. भिमाजींनी चिकटवलेला भाता गळत होता. हे त्यांना दोन दिवसांनी कळलं, तेव्हा ऐकायला समोर कुणी नव्हतं. नंतर दुकानात फोन बसला, पण त्याचा नंबर कारभारीला कळवायचा कुठे?

१९९९ साली शेजारच्या गाळ्यात अश्विनीने कॉम्प्युटर क्लास काढला. तिच्या फोनचा अर्ज फायलीत लोळत पडला होता, म्हणून इंटरनेटसाठी तिने भिमाजींच्या फोनवरून वायर ओढली. बदल्यात तिने त्यांच्या दुकानाची वेबसाइट करून दिली. वर फोटो, खाली फोन नंबर आणि अश्विनीचा ईमेल, आणि तळाला किती जण बघून गेले त्याचा आकडा.

"मजकूर काय टाकू, काका?"

"लिव्ह, कारभारी आनि भिमाजी, दोघं भाऊ मिळून पेट्या दुरुस्त करत्यात."

"पन तुमी तर एकलेच हाय."

"लिव्ह म्हन्तो ना."

मग रोज सकाळी दुकान झाडलं की भिमाजी आकडा बघायला हजर. आकडा रोज एकाने वाढायचा. अश्विनी हसायची, "काका, ह्यो आपनच वाढवलाय." आपल्याच घरी आपणच पाहुणे! तरी ते येत राहिले. करमत नव्हतं त्यांना, दुसरं काय.

एका सोमवारी पंचविसाऐवजी सव्वीस निघाले. अश्विनीने डोळे बारीक केले. "ह्यातला एक आपला न्हाई."

भिमाजी पडद्याजवळ वाकले. "मग बंद करू नको. दिवसभर उघडी ठेव."

"अवो, आपन बंद केली तरी लोकान्ला दिसती ती."

"शटर पाडल्यावर गिऱ्हाईक येतं व्हय? ठेव उघडी. बिल मी भरतो."

चाळीस वर्षं दुकान चालवलेल्या माणसाला कोण समजावणार! इंटरनेट चालू असलं की फोन लागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण महिन्यातून दोनदा वाजणाऱ्या फोनची त्यांना फिकीर नव्हती. तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते खुर्ची टाकून पडद्यासमोर बसले.

गुरुवारी सकाळी अश्विनीने मेल उघडला आणि तिचा चेहरा उतरला. आदल्या संध्याकाळचा होता. इंग्रजी अक्षरांत मराठी. ती हळूहळू वाचू लागली.

'दादा, सुट्टीवर मुंबईला आलोय. रविवारी रातच्याला दोस्ताच्या पोरानं कॉम्प्युटरवर आपलं दुकान दावलं. दोघं भाऊ लिव्हलंय, माजं नाव पयलं. लई रडलो. सोमवारपासून फोन लावतोय, दिवसभर एंगेज. तू नुसतं ये म्हनला असतास तरी निघालो असतो. फोन काढून ठिवलाय म्हंजी तुला कुनाचा आवाज नको. न बोलवता कसा येऊ? आज रातचं विमान हाय. कारभारी.'

भिमाजी म्हणाले, "काल रातचं."

"आत्ताच उत्तर धाडू, काका. पाच मिंटं लागतील."

"आनि तेवढ्यात त्याचा फोन आला तर?" भिमाजींनी वायर उपटली. "सगळ्यांम्होरं बोल्लो हुतो पोरी. माफी तोंडानंच मागायची हाय."

अश्विनीने दुसऱ्या गल्लीतून, ओळखीच्या माणसाच्या कॉम्प्युटरवरून, दोन ओळी धाडल्या: फोन मोकळा आहे, काका वाट बघतात. उत्तर आलं नाही.

सव्विसाचा आकडा पुढे किती झाला, भिमाजींनी कधी विचारलं नाही. त्यांनी कारभारीचं स्टूल पुसून जवळ ओढलंय आणि त्यावर फोन ठेवलाय. आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा ते हळू बोलायला सांगतात.

फोन आता दिवसभर मोकळा असतो.